जमिनीतली ओल आणि हवेतलं बाष्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवामान बदलाच्या गप्पा आभाळाकडे बघून होतात. पाऊस किती पडेल, ढग कधी येतील, वारा कुठून वाहील. पायाखालच्या मीटरभर मातीत किती ओल आहे यावर त्याच आभाळाचं बरंच काही ठरतं, ते बोलायचं राहून जातं. खालचे प्रश्न या राहून गेलेल्या भागाबद्दल आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपली, काहींची लांबली.

पाऊस समुद्रातून येतो असं शाळेत शिकलो. मग जमिनीचा यात काय संबंध?

शाळेत शिकलात ते चूक नाही, अर्धं आहे. जगभरच्या जमिनीवर वर्षाला साधारण १,१०,००० ते १,२०,००० घन किलोमीटर पाणी पाऊस आणि हिम होऊन पडतं. नद्यांवाटे आणि जमिनीखालून समुद्राला जाऊन मिळतं ते जेमतेम ४० ते ४५ हजार घन किलोमीटर. बाकीचं, म्हणजे पाचातले तीन भाग, जमिनीवरूनच पुन्हा हवेत जातं. त्यातलं काही वाऱ्याबरोबर समुद्राकडे निघून जातं, बरंचसं पुढच्या जमिनीवर पाऊस म्हणून उतरतं. जमिनीवरच्या पावसातला सरासरी ४० टक्के हिस्सा जमिनीवरूनच उडालेल्या बाष्पाचा असतो, असा अंदाज २०१० साली मांडला गेला. किनाऱ्याजवळ हा हिस्सा नगण्य असतो आणि खंडांच्या पोटात शिरावं तसा तो वाढत जातो.

आणखी एक हिशेब मला फार आवडतो. सगळ्या वातावरणातलं बाष्प एकदम पिळून काढलं, तर पृथ्वीवर जेमतेम २५ मिलिमीटर पाणी साचेल. पाऊस मात्र जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर पडतो. म्हणजे हवेतला हा साठा वर्षात चाळीसेक वेळा रिकामा होतो आणि तितक्याच वेळा भरतो. बाष्पाचा मुक्काम सरासरी नऊएक दिवसांचा. हवेला पाणी साठवता येत नाही, ती फक्त वाहतूक करते. साठवण्याचं काम समुद्र, बर्फ आणि माती यांचं.

जमीन पाणी हवेत परत देते म्हणजे नेमकं काय होतं?

तीन वाटा आहेत. उघड्या मातीतून आणि पाणवठ्यांवरून थेट बाष्पीभवन होतं. पानांवर अडकलेलं पावसाचं पाणी खाली न पोचताच उडून जातं. तिसरी वाट सगळ्यांत मोठी, झाडांच्या आतून जाणारी. जमिनीवरून वर जाणाऱ्या बाष्पात तिचा वाटा ढोबळमानाने निम्म्याहून जास्त धरतात.

ही तिसरी वाट डोळ्यांनी बघता येते. उन्हातल्या एखाद्या डहाळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि तोंडाशी दोऱ्याने घट्ट बांधा. अर्ध्यापाऊण तासात आतून धुकं धरतं, मग थेंब होतात, मग ते ओघळून तळाच्या कोपऱ्यात जमतात. हे पाणी काही वेळापूर्वी मुळांशी होतं. पानाच्या पाठीवर साध्या डोळ्यांना न दिसणारी हजारो पर्णरंध्रं असतात. ती उघडल्याशिवाय झाडाला कार्बन डायऑक्साइड आत घेता येत नाही, आणि उघडली की आतली ओल बाहेर निसटते. झाडाला हा व्यवहार टाळता येत नाही, फक्त दार किती किलकिलं ठेवायचं एवढंच त्याच्या हाती असतं. पुढे कार्बन डायऑक्साइडच्या प्रश्नात हे दार पुन्हा येणार आहे.

उन्हाने मातीचा वरचा बोटभर थर वाळला की थेट बाष्पीभवन जवळपास थांबतं. मुळं मात्र एक-दोन मीटर खालची ओल वर आणत राहतात. उजाड रान दोन दिवसांत कोरडं पडतं आणि जंगल पाऊस थांबून महिने झाले तरी हवेला बाष्प पुरवतं, त्यामागे हेच आहे.

ओली जमीन गार का असते? आणि त्याचा हवामानाशी काय संबंध?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

ऊन जमिनीवर पडलं की त्या ऊर्जेचा खर्च दोन मुख्य खात्यांत होतो. एक, पाण्याची वाफ करणं. दोन, जमीन आणि तिच्यावरची हवा तापवणं. पाणी असेल तोवर पहिलं खातं मोठा वाटा घेऊन जातं, कारण वाफ करणं फार महाग काम आहे. लिटरभर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सहा-सातपट उष्णता त्याची पूर्ण वाफ व्हायला लागते. ती वाफेसोबत निघून जाते आणि थर्मामीटरला दिसत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

आता एक चौरस मीटर जमीन घ्या. ओलीताखालच्या हिरव्या रानातून उन्हाच्या दिवशी ४ मिलिमीटर पाणी सहज उडतं, म्हणजे त्या चौरस मीटरमधून ४ लिटर. त्याला लागणारी ऊर्जा जवळपास पावणेतीन युनिट विजेइतकी. हीच जमीन कोरडी असेल तर ही ऊर्जा जाणार कुठे? दुसऱ्या खात्यात. तेवढ्या ऊर्जेत त्या चौरस मीटरवरचा एक किलोमीटर उंचीचा हवेचा स्तंभ सुमारे ८ अंशांनी तापू शकतो. प्रत्यक्षात काही उष्णता किरणांवाटे निसटते, हवा वरखाली मिसळते, वारा काही घेऊन जातो, त्यामुळे पूर्ण ८ अंश वाढत नाहीत. पण हिशेबाचा आवाका लक्षात यावा. एकाच अक्षांशावर, एकाच उन्हात, तासभराच्या अंतरावरच्या दोन ठिकाणी पारा वेगळा असतो तो बहुतेक वेळा या दोन खात्यांच्या वाटणीमुळे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी १९२६ साली या वाटणीचं गुणोत्तर मांडलं, ते आजही त्यांच्याच नावाने वापरतात.

मातीत पाणी मावतं तरी किती?

मातीच्या जातीवर आहे. मीटरभर खोलीच्या वाळूसर जमिनीत पिकाच्या कामी येईल असं पाणी ७०-८० मिलिमीटर मावतं, तर चांगल्या पोयट्याच्या किंवा भारी जमिनीत १५० ते २०० मिलिमीटर. वर वातावरणातलं सगळं बाष्प २५ मिलिमीटर म्हटलं होतं, त्याशेजारी हा आकडा ठेवून बघा.

सगळी पोकळी पाण्याने भरली की मुळं गुदमरतात, सगळी हवेने भरली की पीक सुकतं. मधल्या स्थितीला मराठीत वाफसा असा नेमका शब्द आहे. शास्त्रीय लेखांत यासाठी दोन-दोन ओळींच्या व्याख्या लिहाव्या लागतात.

हवा तापली की तिच्यात जास्त बाष्प मावतं म्हणतात. मग पाऊस त्याच प्रमाणात वाढायला हवा ना?

मावतं हे खरं. दर अंशाला साधारण ६ ते ७ टक्के. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली घ्या. २० अंशांना त्या खोलीच्या हवेत जास्तीत जास्त ४९० ग्रॅम बाष्प मावेल, ३० अंशांना ८६० ग्रॅम, ४० अंशांना जवळपास दीड किलो.

पण जगाचा एकूण पाऊस दर अंशाला १ ते ३ टक्केच वाढतो. बाष्पाचं पाणी होताना अप्रकट उष्मा वरच्या हवेत मोकळा होतो आणि तो अवकाशात फेकला गेल्याशिवाय पुढचा पाऊस पडू शकत नाही. हवेची ही उष्णता फेकण्याची ताकद हळू वाढते. कोठार मोठं झालं, पण माल उचलण्याचा वेग तेवढा वाढला नाही असं समजा.

या तफावतीचा परिणाम आपण सगळेच बघतो आहोत. ढगाला संधी मिळाली की तो साठलेलं बाष्प एकदम ओततो, म्हणून मुसळधार सरींचा जोर पुरे ६-७ टक्क्यांनी वाढतो. एकूण पाऊस त्या मानाने फारसा वाढत नाही, त्यामुळे मधले उघडीपीचे दिवस लांबतात. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या, २०२१ च्या अहवालानुसार, औद्योगिकीकरणापूर्वी जमिनीवर दहा वर्षांतून एकदा येणारा एका दिवसाचा अतिवृष्टीचा प्रसंग १ अंश तापलेल्या जगात १.३ पट वेळा येतो. २ अंशांना १.७ पट आणि ४ अंशांना २.७ पट.

हवेत बाष्प वाढतंय असंही वाचतो आणि हवा कोरडी होतेय असंही. खरं काय?

दोन्ही. मघाचीच खोली घ्या. ३० अंशांना तिच्यात ४३० ग्रॅम बाष्प आहे, म्हणजे सापेक्ष आर्द्रता ५० टक्के, आणि अजून ४३० ग्रॅमची तूट. खोली ३५ अंशांपर्यंत तापवा, बाष्प तेवढंच ठेवा. आता तिची क्षमता १,१२० ग्रॅमच्या आसपास गेली, आर्द्रता ३८ टक्क्यांवर आली आणि तूट ६९० ग्रॅम झाली. बाष्प एक ग्रॅमही कमी झालं नाही, तरी हवेची तहान दीडपटीहून जास्त वाढली. ही तूट भरून काढायला हवा माती आणि पानं शोषायला लागते. आर्द्रता ५० टक्क्यांवर टिकून राहिली असती, म्हणजे बाष्पही त्या प्रमाणात वाढलं असतं, तरी तूट ५६० ग्रॅमपर्यंत गेलीच असती.

जमिनीवर गेल्या दोन-अडीच दशकांत घडतंय ते यातलंच. बाष्पाचं प्रमाण वाढतंय, सापेक्ष आर्द्रता उतरतेय. कारण जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापते. १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकात जमीन १.५९ अंशांनी तापली होती, समुद्राचा पृष्ठभाग ०.८८ अंशांनी. समुद्रावरून येणारी हवा बाष्प घेऊन निघते ते समुद्राच्या तापमानाच्या हिशेबाने. जमिनीवर येऊन ती आणखी तापते आणि बरोबर आणलेली शिदोरी अपुरी पडते.

कोरड्या जमिनीमुळे उष्णतेची लाट येते का?

लाट आणते ती वातावरणाची घडी. एखादा जास्त दाबाचा पट्टा ठाण मांडून बसतो, ढग दूर राहतात, हवा खाली दबून तापते. जमीन ठरवते ती लाट ३८ अंशांवर थांबेल की ४२ वर जाईल.

युरोपात २००३ च्या ऑगस्टमधली लाट हे याचं बहुचर्चित उदाहरण. त्या वर्षी वसंतातच पाऊस कमी झाला होता, झाडांनी लवकर पालवून मातीतली ओल आधीच उपसली होती, आणि भर उन्हाळ्यात वाफेचं खातं रिकामं होतं. पश्चिम रशियातल्या २०१० च्या लाटेचा अभ्यास झाला तेव्हा आणखी एक बारकावा पुढे आला. दिवसा कोरड्या जमिनीवरून उठलेली गरम हवा खूप उंचीपर्यंत मिसळते. रात्री जमिनीलगतची हवा निवते, पण वरचा गरम थर तसाच तरंगत राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खालची हवा तापून वर गेली की त्याच थराला मिळते आणि पारा कालच्या जागेवरून पुढे चढतो. असे पाच-सहा दिवस एकावर एक रचले गेले की विक्रम मोडतात.

उलट दिशेनेही हे चक्र फिरतं. उष्णता ओल उपसते, ओल गेली की उष्णता वाढते. २०१२ साली अमेरिकेच्या मध्य भागात मे महिन्यात ठीक असलेली शेतं जुलैपर्यंत करपून गेली. अशा काही आठवड्यांत कोसळणाऱ्या दुष्काळाला आता झटपट दुष्काळ म्हणतात. पावसाची तूट हे त्याचं एक कारण असतं, हवेची वाढलेली तहान हे दुसरं.

जमीन कोरडी पडली की पाऊसही कमी होतो का?

सरळ हो किंवा नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. या प्रश्नावर संशोधकांत बराच काळ वाद चालला, आणि वाद चांगला होता.

२००४ साली डझनभर हवामान मॉडेलं एकत्र चालवून बघितली गेली. मातीतली ओल बदलली तर पाऊस कुठे बदलतो, एवढाच प्रश्न. तीन ठिकाणं ठळकपणे उठून दिसली. उत्तर अमेरिकेची मोठी गवताळ मैदानं, आफ्रिकेतला साहेलचा पट्टा आणि उत्तर भारत. तिन्ही ना फार ओली, ना फार कोरडी. यामागचं तर्कशास्त्र सोपं आहे. घनदाट ओल्या प्रदेशात माती थोडी सुकली तरी वाफेसाठी पाणी पुरेसं असतं. तिथे टंचाई असते उन्हाची. वाळवंटात ओल बदलायला मुळात ओलच नसते. मधल्या पट्ट्यांत मात्र दोन्ही गोष्टी एकत्र येतात, ओलीत चढउतार होतो आणि त्या चढउताराला किंमत असते.

मग २०१२ साली उपग्रहांच्या नोंदींनी वेगळंच दाखवलं. दुपारनंतरच्या वादळी सरी आजूबाजूपेक्षा कोरड्या असलेल्या तुकड्यांवर पडण्याकडे कल होता. मॉडेलं सांगत होती त्याच्या नेमकं उलट. कोरडा तुकडा जास्त तापतो, तिथली हवा उचलली जाते, शेजारच्या ओल्या तुकड्यावरून दमट वारा आत ओढला जातो आणि ढग कोरड्याच्या डोक्यावर उभा राहतो. समुद्रकिनारी दुपारी वारा आत येतो तसाच हा प्रकार, फक्त मैदानात.

तिढा सुटला तो पुढे तीन वर्षांनी. एकूण परिसर ओला असेल त्या दिवशी पावसाची शक्यता जास्त, आणि पडतो तो त्या परिसरातल्या त्यातल्या त्यात कोरड्या तुकड्यावर. दोन्ही बाजूंची निरीक्षणं बरोबर होती, प्रश्न वेगवेगळे होते.

झाडं लावली की पाऊस वाढतो, हे कितपत खरं?

किती झाडं, कुठे, आणि कोणाचा पाऊस, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

सगळ्यांत भक्कम पुरावा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. १९७० च्या दशकात ब्राझीलचे एनेआस सालाती आणि त्यांचे सहकारी यांनी पावसाच्या पाण्यातले ऑक्सिजनचे समस्थानिक, म्हणजे त्याचे हलके आणि जड अणू, तपासले. जड ऑक्सिजन असलेलं पाणी ढगातून आधी गळतं, म्हणून समुद्रापासून आत जावं तसा पाऊस हलका होत जायला हवा. अ‍ॅमेझॉनमध्ये तो अपेक्षेपेक्षा खूपच कमी हलका होत होता, कारण पडलेलं पाणी झाडांमधून न गाळता तसंच परत वर जात होतं. एकाच पाण्याचे अनेक फेरे. दक्षिण अ‍ॅमेझॉनमध्ये तर पावसाळा समुद्री वारे पोचण्याआधीच, जंगलाने स्वतः सोडलेल्या बाष्पावर सुरू होतो, असं २०१७ मध्ये दाखवलं गेलं.

ही झाली खंडाएवढ्या जंगलाची गोष्ट. गावाच्या टेकडीवर दहा एकरांत रोपं लावून त्याच टेकडीवर पाऊस वाढत नाही. तिथून उडालेलं बाष्प वाऱ्याने शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतं. जवळच्या ओढ्याला तर पाणी कमीच होण्याची शक्यता असते. १९८२ साली जगभरच्या ९४ पाणलोट प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात झाडी काढली की प्रवाह वाढतो आणि वाढवली की घटतो हाच कल दिसला. दक्षिण आफ्रिकेने १९९५ पासून परदेशी झाडांची बेसुमार वाढ तोडण्याचा सरकारी कार्यक्रम चालवला, तो नद्यांचं पाणी वाचवण्यासाठीच.

याचा अर्थ झाडं लावू नयेत असा नाही. सावली, मातीची पकड, पाणी मुरणं, जमिनीचा गारवा ही कारणं पुरेशी आहेत. पावसाचं आमिष दाखवून वृक्षारोपण खपवणं मला पटत नाही, एवढंच. असल्या आमिषाचा एक जुना किस्सा आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या कोरड्या मैदानांत वसाहत करणाऱ्यांना सांगितलं जाई की नांगर चालवा, पाऊस मागून येईल. काही वर्षं पाऊस बराही झाला. १९३० च्या दशकात दुष्काळ आला तेव्हा गवत काढून उघडी केलेली ती माती धुळीच्या लोटांनी उडून गेली.

सिंचनाने हवा गार होते का?

दिवसाचं तापमान उतरतं, हे नक्की. नद्या, तलाव आणि जमिनीखालून माणूस जेवढं गोडं पाणी उपसतो त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला जातं आणि त्यातला मोठा भाग वाफेच्या खात्यात जमा होतो.

पण माणसाला बरं वाटेलच असं नाही. पारा उतरतो तशी आर्द्रता चढते आणि घाम सुकेनासा होतो. शरीराच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं ते ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं, म्हणजे वेट बल्ब तापमान. ते ३५ अंशांवर गेलं की सावलीत स्वस्थ बसलेलं शरीरही स्वतःला थंड करू शकत नाही, असं गणित २०१० मध्ये मांडलं गेलं. पुढच्या प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांची मर्यादाही त्याखालीच आढळली. सिंचनाने साधं तापमान दोन अंश उतरून वेट बल्ब तिथेच राहणं किंवा वाढणं शक्य आहे.

पाणी काढून घेतल्यावर काय होतं तेही माहीत आहे. मध्य आशियातल्या अरल समुद्राला, म्हणजे एका प्रचंड खाऱ्या तलावाला, मिळणाऱ्या दोन नद्या १९६० च्या दशकापासून कापसाकडे वळवल्या गेल्या. तो आटला तसे त्याच्या काठचे उन्हाळे जास्त तापू लागले आणि हिवाळे जास्त गारठू लागले.

कार्बन डायऑक्साइड वाढला की झाडांना पाणी कमी लागतं म्हणे. मग चांगलंच की?

अर्धी खुशखबर. हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्षात २८० भागांवरून आता ४२० भागांच्या वर गेला आहे. तेवढाच कार्बन मिळवायला झाडाला पर्णरंध्रं कमी उघडावी लागतात, पाणी वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर झाड जास्त पानं काढतं. १९८० च्या दशकापासूनची उपग्रहचित्रं जगातली पानांची व्याप्ती वाढल्याचं दाखवतात. प्रत्येक पान कमी पाणी सोडतं, पानं मात्र जास्त. शिवाय रंध्रं मिटली की वाफेचं खातं आकसतं आणि पान, पर्यायाने हवा, तापते. हिशेब कुठे पाण्याच्या बाजूने लागतो, कुठे तोट्याच्या.

ओले प्रदेश आणखी ओले आणि कोरडे आणखी कोरडे होणार, हे खरं का?

समुद्रावर बऱ्यापैकी. जमिनीवर हा नियम फारच थोड्या भागात बसतो. जमिनीवर पाणी नसेल तर हवेला कितीही तहान लागो, उडणार काय? घोषवाक्य म्हणून छान आहे, नकाशा म्हणून वापरू नका.

पाऊस जोराचा होतोय, मग जमिनीत ओल का नाही?

उघड्या, भुसभुशीत मातीवर पडणारा एक टपोरा थेंब जवळून बघा. तो आदळतो, ढेकळाची कड फुटते, बारीक कण चारी बाजूंना उडतात आणि पाण्याबरोबर शेजारच्या छिद्रांत जाऊन बसतात. असे लाख थेंब पडले की वर पापुद्रा धरतो, लेप दिल्यासारखा. आता खाली माती कोरडी असली तरी वरचं पाणी वाहू लागतं.

भिजलेल्या चिकणमातीत तासाला ५ मिलिमीटरपेक्षाही कमी पाणी मुरतं. ६० मिलिमीटर पाऊस तीन दिवस रिपरिपला तर बराचसा आत जाईल. तोच तासाभरात कोसळला तर बहुतेक गढूळ होऊन ओढ्याला लागेल. पर्जन्यमापक दोन्ही वेळा ६० च दाखवणार. सरासरी गाठली गेली अशी बातमी येते आणि पीक आठवड्यात माना टाकतं ते यामुळे. आयपीसीसीच्या त्याच अहवालात मातीतल्या ओलीच्या दुष्काळाचाही हिशेब आहे. कोरड्या होत चाललेल्या प्रदेशांत दहा वर्षांतून एकदा येणारा असा दुष्काळ १ अंशाला १.७ पट, २ अंशांना २.४ पट आणि ४ अंशांना ४.१ पट वेळा.

तापमान वाढलं की बाष्पीभवन वाढणारच, यात शंका ती काय?

शंका घ्यायला लावणारी गोष्ट खरोखर घडली होती. हवामान केंद्रांवर सुमारे १.२ मीटर व्यासाचं, पाव मीटर खोल गोल भांडं पाणी भरून ठेवतात आणि रोज पातळी किती उतरली ते मोजतात. १९९५ साली लक्षात आलं की अमेरिका आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या या भांड्यांतलं बाष्पीभवन काही दशकं घटत होतं. जग तापत असताना!

२००२ मध्ये ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रॉडरिक आणि फार्क्वार यांनी एक उत्तर दिलं. ढग आणि हवेतले धूलिकण वाढून जमिनीवर पोचणारं ऊन घटलं होतं. इतर अभ्यासांत अनेक ठिकाणी वारा मंदावल्याचंही आढळलं. वाफ करायला लागते ऊर्जा, आणि वाफ दूर न्यायला वारा. तापमान हा त्यातला एकच भिडू.

या भांड्याची आणखी एक गंमत. परिसर जितका कोरडा, तितकी हवा तहानलेली आणि भांडं तितकं जोरात आटतं, त्याच वेळी बाहेरच्या रानातून मात्र काहीच उडत नसतं. भांडं हवेची तहान मोजतं. जमिनीने ती किती भागवली हे त्याला कळत नाही.

सगळ्यांत मोठा हरितगृह वायू बाष्पच आहे ना? मग दोष कार्बनला का?

हरितगृह परिणामात बाष्पाचा वाटा निम्म्याच्या आसपास आहे, हे खरं. पण जास्तीचं बाष्प हवेत सोडलं तर नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन पडतं. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं राहतो, हवा तापवतो, आणि त्या तापलेल्या हवेत बाष्प टिकून राहतं. सुरुवात कार्बन करतो, बाष्प त्यात भर घालतं.

मातीतली ओल जगभर मोजतात कशी?

सूक्ष्मलहरींनी. ओली आणि कोरडी माती या लहरी वेगवेगळ्या प्रमाणात सोडते. युरोपचा स्मॉस हा उपग्रह २००९ मध्ये आणि नासाचा स्मॅप २०१५ मध्ये यासाठीच सोडला गेला. अडचण अशी की दोघांना वरची ५ सेंटिमीटर मातीच नीट दिसते, मुळांचा थर अंदाजाने काढावा लागतो. खोलवरच्या पाण्यासाठी ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी २००२ मध्ये गेली. सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून एकामागून एक फिरायचं आणि खालच्या पाण्याच्या वजनामुळे अंतरात पडणारा केसभर फरक मोजायचा. २०१८ पासून त्यांची वारसदार जोडी काम करते आहे.

वाफ मोजायला मनोऱ्यांवर उपकरणं बसवतात. ती सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याचा वरखाली वेग आणि त्यातलं बाष्प टिपतात. हे मनोरे श्रीमंत देशांत दाटीवाटीने आणि उष्ण कटिबंधात तुरळक आहेत, म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच नोंदी कमी.

यातलं काही घरी करून बघता येईल का?

येईल. दोन सारख्या पराती घ्या, साधारण ४० सेंटिमीटर व्यासाच्या. दोन्हींत सारखीच कोरडी माती भरा, एकीत पाणी घालून ती भिजवा, चिखल नको. दोन्हींचं वजन करा आणि सकाळी उन्हात ठेवा. दुपारी मातीला हात लावून बघा, थर्मामीटर असेल तर टेकवून बघा. दोन्हींवर ऊन सारखंच पडलेलं असतं, तरी कोरड्या मातीला तळवा टेकवून ठेवणं अवघड जातं. मग वजन करा. ५ मिलिमीटर पाणी उडालं असेल तर ओल्या परातीचं वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास उतरलेलं असेल.

प्रयोग तिथे थांबवू नका, पाणी न घालता दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही वजन करा. वरचा थर फिका पडला की वजन उतरणं मंदावतं आणि थर्मामीटर चढायला लागतो. त्या वेळी बोट खुपसून बघा, बोटाच्या टोकाला माती अजून ओली लागते.